लाज बाजूला ठेवून बोलूया: आतड्यांचा आजार, संशोधन आणि आपली जबाबदारी

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा माझा विषय संडासशी संबंधित आहे. आत्ताच दोघातिघांना हसू आलं आणि काहींनी मान खाली घातली. यात तुमचा दोष नाही, आपण सगळे असेच वाढलो आहोत. ताप आला, शुगर वाढली, गुडघा दुखला, तर आपण चारचौघांत सांगतो. पण शौचावाटे रक्त जातं हे विशीतला मुलगा आईलासुद्धा सांगत नाही, मुलगी तर नाहीच नाही. त्यातून महिने जातात, कधी वर्षं जातात, आणि तोवर आतडं आतून खराब होत राहतं. म्हणून आज पुढचा अर्धा तास आपण याच विषयावर मोकळेपणानं बोलणार आहोत.

मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि गेली आठ वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिसचा रुग्ण आहे. कोणी कोणतं औषध घ्यावं हे मी सांगणार नाही, ते पोटविकारतज्ज्ञाचं काम आहे. संशोधनातून काय हाती आलं आहे, रुग्णाच्या आयुष्यावर काय परिणाम होतो आणि त्यात आपण काय करू शकतो, एवढंच मांडतो.

आजार कोणता?

याला इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज म्हणतात, थोडक्यात आयबीडी. आतड्यांचा दीर्घकाळ चालणारा दाह. याचे दोन मुख्य प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात. हा दाह गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर पसरतो. क्रोन्स आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो. तो आतड्याच्या भिंतीच्या सगळ्या थरांत शिरतो आणि मध्ये मध्ये निरोगी भाग सोडून देतो. त्यातून आतडं अरुंद होणं, भगेंद्र होणं असे प्रकार घडतात.

दोन्हींमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यात वास्तव्याला असलेल्या जिवाणूंविरुद्ध लढत राहते आणि थांबतच नाही. हा संसर्ग नाही. एका ताटात जेवल्यानं, एकाच ग्लासातून पाणी प्यायल्यानं तो कोणाला होत नाही. तो बहुतेकदा पंधरा ते पस्तीस या वयात सुरू होतो, म्हणजे या हॉलमध्ये बसलेल्यांच्याच वयात. कधी जोर धरतो, कधी महिनोन् महिने शांत राहतो. कायमचा बरा करणारं औषध अजून सापडलेलं नाही, पण तो ताब्यात ठेवता येतो.

दोन गैरसमज इथेच दूर करू. एक, आयबीएस आणि आयबीडी एक नव्हेत. आयबीएसमध्ये पोटात कळा येतात, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ होतं, पण आतड्याला जखमा होत नाहीत आणि रक्त जात नाही. दोन, शौचावाटे रक्त म्हणजे मूळव्याधच असं धरून चालू नका. आपल्याकडे गल्लीतल्या दुकानातून मूळव्याधीचं मलम आणलं जातं आणि तपासणी राहून जाते.

हा आजार का होतो?

१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर या तीन डॉक्टरांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या दाहावर एक लेख लिहिला. त्यातल्या पहिल्या लेखकाचं नाव या आजाराला चिकटलं. १९५५ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी कोर्टिसोन हे स्टेरॉइड कोलायटिसवर उपयोगी पडतं हे चाचणीतून सिद्ध केलं. त्याआधी गंभीर कोलायटिसमध्ये माणसं मोठ्या संख्येनं दगावत.

२००१ मध्ये क्रोन्सशी जोडलेला पहिला जनुक सापडला, त्याचं नाव नॉड-टू. आज जनुकांच्या साखळीत आयबीडीशी संबंधित दोनशेहून अधिक जागा माहीत आहेत. पण युरोपीय रुग्णांत वारंवार दिसणारे नॉड-टूमधले बदल भारतीय रुग्णांत क्वचितच आढळतात. म्हणजे तिथलं उत्तर जसंच्या तसं इथं उतरवून चालत नाही, आपल्या लोकांवर आपल्याकडे संशोधन व्हावं लागतं.

शिवाय जनुकं एका पिढीत बदलत नाहीत, आणि आजार तर वाढतो आहे. लेस्टर हे इंग्लंडमधलं शहर गुजरातमधून आणि पूर्व आफ्रिकेतून आलेल्या भारतीयांच्या मोठ्या वस्तीसाठी ओळखलं जातं. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांमध्ये कोलायटिसच्या नव्या रुग्णांचं प्रमाण युरोपीय वंशाच्या लोकांच्या जवळपास दुप्पट निघालं. देश बदलला, खाणं बदललं, हवा बदलली आणि आजाराचं प्रमाण बदललं.

भारतात हा आजार नाहीच, तो गोऱ्यांचा आजार आहे, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. पंजाबमध्ये घरोघर जाऊन केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोलायटिसचं प्रमाण लाखामागे सुमारे ४४ आढळलं. २०१७ साली जगात आयबीडीचे सुमारे ६८ लाख रुग्ण होते असा अंदाज आहे. पाश्चात्त्य देशांत नव्या रुग्णांचा आकडा बराचसा स्थिरावला आहे. आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या नव्यानं औद्योगिक होणाऱ्या देशांत तो चढतो आहे.

खाण्याचा संबंध किती? २०२१ मध्ये २१ देशांतल्या १ लाख १६ हजारांहून अधिक प्रौढांवरचा एक अभ्यास आला, त्यात भारतही होता. पाकिटबंद नमकीन, गोड शीतपेयं, प्रक्रिया केलेलं मांस असं अतिप्रक्रिया केलेलं अन्न जे जास्त खात होते त्यांच्यात आयबीडी जास्त आढळला. हा संबंध आहे, एकट्या अन्नावर खापर फोडता येईल असा पुरावा नव्हे. लहानपणी वारंवार घेतलेल्या अँटिबायोटिक्सचाही संबंध दिसतो. सिगारेटनं क्रोन्स वाढतो, हे पक्कं आहे.

मग अम्मीच्या हातच्या तिखट सालनामुळे हा आजार झाला का? नाही. आजार उफाळलेला असताना तिखटाचा त्रास होऊ शकतो, पण तिखट हे कारण नव्हे. कोणाची नजर लागली, काही गुनाह झाला, नमाज चुकली म्हणून तर अजिबात नाही. दुआ जरूर करा, दुआनं मनाला बळ मिळतं. पण आजाऱ्याला "तू काय केलंस?" असं विचारू नका.

टीबी की क्रोन्स?

आपल्या देशातली एक अडचण युरोपच्या पुस्तकात नीट सापडत नाही. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे दिसायला जुळ्या भावांसारखे असतात. दोन्ही बहुतेकदा लहान आणि मोठं आतडं जिथं मिळतं तिथंच होतात. पोटदुखी, ताप, वजन घटणं, दोन्हींत तेच. दुर्बिणीतून जखमा दिसतात त्याही सारख्या. कितीतरी वेळा बायोप्सीतूनही नक्की कळत नाही.

उपचार मात्र उलट दिशेचे आहेत. क्रोन्समध्ये प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात. ती टीबीच्या रुग्णाला दिली तर टीबी अंगभर पसरू शकतो. म्हणून शंका असेल तेव्हा आपल्याकडचे डॉक्टर आधी टीबीची औषधं देऊन बघतात, आणि साधारण दोन-तीन महिन्यांत पुन्हा दुर्बीण घालून जखमा भरल्या का ते तपासतात. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी या प्रश्नावर बरंच काम केलं आहे. त्यांच्याच एका अभ्यासानं याची दुसरी बाजूही दाखवली. ज्यांना मुळात क्रोन्स होता आणि आधी टीबीची औषधं दिली गेली, त्यांच्यात आतडं अरुंद होण्याचा धोका वाढला, कारण मधला काळ आजार चालूच राहिला.

यातून आपण काय घ्यायचं? टीबीची औषधं सुरू असतील आणि ठरलेल्या मुदतीत फरक पडत नसेल, तर पुढच्या तपासणीची तारीख चुकवू नका. "कोर्स पूर्ण होऊ दे, मग बघू" असं घरात कोणी म्हणालं तरी जा. आणि टीबीची औषधं चालू आहेत हे लपवू नका. जुना टीबी झाला असेल तर तोही डॉक्टरांना सांगा, कारण आयबीडीची काही औषधं सुरू करण्याआधी छुपा टीबी शोधावा लागतो.

रुग्णाचं आयुष्य कसं मोजायचं?

बरीच वर्षं डॉक्टर विचारायचे, दिवसातून किती वेळा जावं लागतं, रक्त किती जातं. १९८९ मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी ३२ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. त्यात पोटाच्या तक्रारी होत्याच, पण थकवा किती, मन किती खचलं, संडास जवळ नाही म्हणून एखाद्या ठिकाणी जाणं टाळलं का, हेही विचारलं होतं. ती प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते.

ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला नवल वाटलं. लग्नाचा हॉल ठरल्यावर मी आधी संडास कुठं आहे ते बघतो, एसटीनं जायचं टाळतो, गाडीत कडेची जागा मागतो. ही माझी एकट्याची विचित्र सवय आहे असं मी समजत होतो. कॅनडातल्या कोणीतरी माझ्याही आधी त्याचा प्रश्न तयार करून ठेवला होता.

२०२१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात आयबीडीच्या तिघांपैकी साधारण एका रुग्णात चिंतेची लक्षणं दिसली आणि चौघांपैकी एकात नैराश्याची. आजार उफाळलेला असताना तर निम्म्याहून अधिक जणांत चिंतेची लक्षणं होती. थकवा वेगळाच. रक्त कमी झाल्यानं माणूस पांढराफटक पडतो, जिना चढताना धाप लागते. काहींचे सांधे दुखतात, डोळे लाल होतात, त्वचेवर गाठी येतात. बाहेरून मात्र माणूस धडधाकट दिसतो. म्हणून ऑफिसात "कामचुकार" आणि घरात "नाटकी" हे शब्द ऐकावे लागतात.

त्याच २०२१ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं आयबीडीच्या उपचाराची उद्दिष्टं पुन्हा ठरवली. रक्त थांबणं आणि जखमा भरणं या उद्दिष्टांच्या बरोबरीनं त्यांनी लिहिलं की रुग्णाच्या जगण्याचा दर्जा पूर्ववत व्हावा आणि त्याला अपंगत्व येऊ नये. माझ्या मते आजच्या भाषणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. जखम भरण्याचं काम औषध करेल. पण रुग्ण पुन्हा कॉलेजला, कामावर, जुम्म्याच्या नमाजला, मित्राच्या वलीम्याला बिनधास्त जाऊ शकेल का, हे औषधाच्या दुकानात ठरत नाही. ते आपल्या घरांत, मोहल्ल्यांत आणि जमातींत ठरतं.

संडास हा हक्काचा प्रश्न

अमेरिकेत इलिनॉय राज्यात अ‍ॅली बेन नावाची चौदा वर्षांची क्रोन्सची रुग्ण मुलगी होती. एका दुकानात तिला कर्मचाऱ्यांचा संडास वापरू दिला नाही आणि तिच्यावर नको तो प्रसंग ओढवला. ती आणि तिची आई गप्प बसल्या नाहीत. २००५ मध्ये त्या राज्यात कायदा झाला की असा आजार असलेल्या ग्राहकाला दुकानदारानं कर्मचाऱ्यांचा संडास वापरू द्यावा. पुढं अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी असे कायदे केले.

आपल्याकडे मुंबईत स्त्रियांच्या मुतारीच्या हक्कासाठी 'राइट टू पी' ही चळवळ उभी राहिली. तिनं दाखवून दिलं की हा विषय सभ्यतेच्या नावाखाली दडपायचा नसून महापालिकेच्या टेबलावर मांडायचा असतो. आयबीडीचे रुग्ण या मागणीचे नैसर्गिक साथीदार आहेत. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात हा आजार नाही. तेव्हा परीक्षेत मध्येच उठण्याची मुभा, ऑफिसात संडासजवळची जागा या गोष्टी आज तरी समोरच्याच्या समजूतदारपणावर अवलंबून आहेत.

कायदा होईल तेव्हा होईल, पण एक गोष्ट आपण उद्यापासून करू शकतो. आपल्या शहरांत, तालुक्याच्या गावांत बाजारपेठेच्या मध्यभागी मशीद असते. तिथं पाणी असतं, वुजूखाना असतो, बहुतेक ठिकाणी संडासही असतो. आपल्या जमातीच्या ट्रस्टींना जाऊन भेटा आणि तीन मागण्या करा. एक संडास दिवसभर उघडा ठेवा. त्यात कमोड बसवा. आणि गरज पडेल त्या कोणालाही, बाईला, पुरुषाला, कोणत्याही धर्माच्या माणसाला, तो वापरू द्या. शादीखान्यांनाही हेच सांगा. याला फार खर्च येत नाही.

रमजान आणि नमाज

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: रोजे ठेवायचे का?

संशोधन अजून थोडं आहे, पण आहे. इजिप्तमध्ये ८० रुग्णांचा रमजानच्या आधी आणि नंतर अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातल्या आणि शौचातल्या दाहाच्या खुणा रोज्यांनंतर लक्षणीय वाढल्या नाहीत. पण कोलायटिसच्या रुग्णांची लक्षणं काहीशी वाढली. वय जास्त असलेल्यांत आणि रमजानच्या आधीच दाह जास्त असलेल्यांत हे अधिक दिसलं. म्हणजे सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. आजार शांत असेल तर काहींना रोजे जमतात. तो उफाळलेला असेल, स्टेरॉइड चालू असतील, किंवा ऑपरेशन करून पोटावर पिशवी लावलेली असेल आणि शरीरातलं पाणी लवकर कमी होत असेल, तर रोजा धोक्याचा ठरतो. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. मेसालामाइनसारखी काही औषधं दिवसातून एकदा घेतली तरी चालतात, ती इफ्तार किंवा सहरीच्या वेळी बसवता येतात. पण हा बदल डॉक्टरांना विचारूनच करा.

आजाऱ्याला रोज्याची सवलत सूरह अल-बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींत आहे. पुढं भरून काढणं शक्य नसेल तर फिदिया आहे. पिशवी लावलेल्या किंवा शौचावर ताबा न राहणाऱ्या माणसाच्या वुजूसाठी फिकहमध्ये 'माजूर'चे नियम आहेत. कोकणातले शाफई असोत की घाटावरचे हनफी, आपापल्या आलिमांना नि:संकोच विचारा. प्रश्न विचारायला लाजण्यासारखं त्यात काही नाही.

घरच्यांना मात्र एक विनंती. दुपारी कोणी पाणी पिताना दिसला तर कारण विचारू नका. सवलत अल्लाहनं दिली आहे, तिचा हिशेब आपण का मागायचा?

औषध, खर्च आणि निकाह

बरं वाटलं की औषध बंद करणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. २००३ च्या एका अमेरिकन अभ्यासात आजार शांत असताना मेसालामाइन नीट न घेणाऱ्यांमध्ये तो पुन्हा उफाळण्याचा धोका नियमित घेणाऱ्यांच्या पाचपटीहून अधिक आढळला. हकीमजींचं चूर्ण, हिजामा, समाजमाध्यमांवरचा रामबाण उपाय, जे काही करत असाल ते डॉक्टरांना सांगा आणि चालू औषध परस्पर थांबवू नका.

गंभीर आजारासाठी १९९८ पासून बायोलॉजिक्स नावाची इंजेक्शनं आली. ती महाग आहेत, यात शंका नाही. पण अ‍ॅडालिमुमॅब या त्यातल्या एका औषधाची जगातली पहिली पर्यायी आवृत्ती २०१४ मध्ये भारतीय कंपनीनंच बाजारात आणली. डॉक्टरांना स्वस्त पर्यायाबद्दल थेट विचारा, त्यात कमीपणा नाही.

निकाहाच्या आधी सांगावं का? माझं मत स्पष्ट आहे, सांगावं. मुलानंही आणि मुलीनंही. पण आपल्याकडे मुलाचा आजार "औषध चालू आहे" एवढ्यावर खपतो आणि मुलीचा रिश्ता तुटतो. हा अन्याय आहे आणि त्याला विज्ञानाचा आधार नाही. अमेरिकेत सुमारे १,५०० गरोदर रुग्ण स्त्रियांचा अभ्यास झाला. बायोलॉजिक्ससारखी औषधं चालू ठेवलेल्या स्त्रियांत त्या औषधांमुळे बाळाला धोका वाढल्याचं दिसलं नाही. मेथोट्रेक्सेटसारखी मोजकी औषधं मात्र आधी बंद करावी लागतात. आजार शांत असताना दिवस राहिले तर सर्वांत उत्तम. आई किंवा वडील रुग्ण असले तरी बहुतेक मुलांना हा आजार होत नाही.

शेवटी

तीन-चार आठवड्यांहून जास्त जुलाब, शौचावाटे रक्त किंवा शेंब, झोपेतून उठून जावं लागणं, कारण नसताना वजन घटणं, गुदद्वाराजवळ पुन्हा पुन्हा गळू होणं, यातलं काही तुम्हाला असेल तर पोटविकारतज्ज्ञाकडे जा. शौचाची कॅल्प्रोटेक्टिन नावाची तपासणी असते, तिच्यातून आतड्यात दाह आहे का याचा अंदाज येतो. मग गरज वाटली तर दुर्बिणीची तपासणी. जाण्याआधी दोन आठवडे मोबाइलमध्ये नोंद ठेवा: किती वेळा, रक्त होतं का, काय खाल्लं, झोप किती. आमच्या कामात बिघाड शोधायचा तर आधी नोंदी बघतो, डॉक्टरांनाही त्यांचा उपयोग होतो.

आणि तुम्ही निरोगी असाल तर तुमच्या आसपास कोणीतरी असेल जो पिकनिकला यायचं टाळतो, दावतमध्ये थोडंसंच खातो, मध्येच उठून जातो. त्याला चिडवू नका. एकट्यात गाठून "तब्येत कशी आहे, डॉक्टरांकडे मी येऊ का सोबत?" एवढं विचारा. आजाऱ्याची विचारपूस करणं ही आपल्याकडे सुन्नत आहे. या आजारात ती करायची तर आधी संडास या शब्दाला लाजणं सोडावं लागेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांना सर्वांसमोर विचारायचं नसेल त्यांनी चिठ्ठीवर लिहून द्या, नाव लिहू नका.